गेणूमामांचा आग्रह

गेणूमामांसारखा आग्रह करणारा माणूस मी नाशकात दुसरा पाहिला नाही. पंगतीत "माझ्यासाठी एक" म्हणून पानात जिलबी टाकणारे काका-मामा मी पुष्कळ पाहिलेत, पण ते सगळे गेणूमामांपुढे शिकाऊ. फरक एवढाच, की गेणूमामा आग्रह करायचे तो दारूचा. आणि त्यासाठी संस्था त्यांना पगार द्यायची.

मखमलाबादच्या रस्त्याला, द्राक्षांच्या बागा सुरू होतात तिथे, आमचं व्यसनमुक्ती केंद्र होतं. तरुण मुलांसाठीचं. कुणी क्वार्टरवाला, कुणी चिलमीवाला, कुणी पंक्चरचं सोल्युशन रुमालावर ओतून हुंगणारा. गेणूमामा तिथे वॉर्डबॉय होते. "मिशीत पांढरं आलं तरी बॉयच, बघा ताई," असं स्वतःच म्हणायचे. चादरी बदलायच्या, गोळी खरंच गिळली का हे पोराला जीभ वर करायला लावून बघायचं, घरची आठवण येऊन भिंतीकडे तोंड करून पडलेल्याला कॅरमला ओढायचं, ही त्यांची रोजची कामं. आणि शुक्रवारी दुपारी त्यांचा खास प्रयोग. त्याचं नाव 'नकाराचा तास'.

मी दोन हजार चार साली तिथे लागले ती याच तासासाठी. नाटकाचं शिक्षण घेऊन घरी बसले होते. डॉक्टर म्हणाले, "मुलं इथे शहाण्यासारखी 'नाही' म्हणतात. गेटबाहेर पहिला दोस्त भेटला की विसरतात. तेव्हा तो दोस्त आपण इथेच भेटवू. तुम्ही तालीम घ्या."

"आणि दोस्त कोण होणार?"

"आहे आमच्याकडे एक," डॉक्टर म्हणाले आणि हसले.

समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला. एवढंच नेपथ्य. पहिल्याच शुक्रवारी खुर्चीत अथर्व बसला होता. गंगापूर रोडवरच्या वकिलांचा मुलगा, बोलण्यात भल्याभल्यांना गुंडाळणारा. पुढच्या आठवड्यात घरी जाणार होता. मुलं भिंतीला पाठ लावून बसली. गेणूमामा कोपऱ्यातून आले, आणि येता येता त्यांची चालच बदलली. खांदे सैल, मान तिरपी, चेहऱ्यावर जन्मजन्मांतरीची ओळख.

"काय अथर्वशेठ! जिवंत हायेस का? मी तं तेराव्याला यायच्या तयारीत होतो!"

"मी सोडली आहे," अथर्व ताठ बसून म्हणाला. असंच म्हणायचं, हे आम्ही शिकवलं होतं.

"सोडली? लय भारी केलंस. आपण पण सोडणार. सोमवारपासून."

"छान."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मंग सोमवारपर्यंत मी एकटाच बसू काय भुतासारखा? शेवटची दोस्ताबरोबर नाय तं कुणाबरोबर?"

"मला प्यायची नाही."

"तुला पी म्हणलं कुणी? नुसता बस. हे धर जरा, मी चपला काढतो."

आणि अथर्वने पेला धरला. भिंतीकडून एकच गलका उठला, "गेला! अथर्व गेला!"

"चीटिंग आहे ही!" अथर्व ओरडला. "मी फक्त धरला!"

"धरला की निम्मा गेलास, शेठ," गेणूमामा खरोखरच वाकून चप्पल काढत म्हणाले. "पुढचं काम मी करत नाय. पेला करतो."

त्यांना अशा तऱ्हा किती येत असतील याची गणती नव्हती. रुसणारा दोस्त, रडणारा दोस्त, "बायकोला घाबरतो का रे" म्हणणारा, "तू आता मोठा माणूस झालास" म्हणणारा. गेणूमामांना तीन वेळा 'नाही' म्हटल्याशिवाय पोराला घरी सोडायचं नाही, असा केंद्राचा अलिखित नियमच झाला होता. बाहेर पडलेली मुलं नंतर भेटायला आली की सांगत, "दोस्त भेटला होता, मामा. पण तुमच्या निम्म्यानेपण नाही. लगेच कटवला."

हे सगळं ते शिकले कुठे? तर पिणाऱ्यांत बसून. गेणूमामा मूळचे सुरगाण्याकडचे. भात-नागली निघाली की माणसं मजुरीला नाशकात उतरतात, तसे तेही उतरायचे. पंच्याण्णव साली केंद्राची इमारत बांधायला घेतली, तेव्हा ते तिथे विटा उचलत होते. दुपारीच टाकून यायचे. एकदा तशातच परांचीवरून, म्हणजे बांबूंच्या पहाडावरून, वाळूच्या ढिगावर पडले. वाळू होती म्हणून वाचले. डॉक्टर बांधकाम बघायला आलेले. त्यांनी तिथेच, बिनदाराच्या खोलीत, खाट टाकून त्यांच्यावर उपचार सुरू केले. "उद्घाटनाला मंत्री आला," गेणूमामा सांगायचे, "त्याच्या आधी पेशंट आलेला." बरे झाले ते तिथेच राहिले. बायको पुतळाबाई गावाकडे शेती बघायची, मामा महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन यायचे. पुन्हा थेंब घेतला नव्हता.

तर एके दिवशी सुरगाण्याच्या जीपवाल्याबरोबर पुतळाबाईंचा निरोप आला. मुलीची, सरिताची, सोयरीक जुळली होती. पोरगा शेजारच्या गावचा, सुनील नावाचा, आश्रमशाळेत मास्तर. येत्या रविवारी बोलणी पक्की करायची. मुलांनी गेणूमामांना खांद्यावर घेतलं. गेणूमामा खाली उतरले आणि चादरी बदलायला निघून गेले.

संध्याकाळी मी डॉक्टरांकडे बसले होते, तेव्हा येऊन म्हणाले, "रविवारी मी ड्युटीवर हाय."

"मुलीची सोयरीक आहे ना?"

"भाऊ हाय माझा. जयराम. तो करंल."

"मामा, मी सुट्टी देतोय."

"नको देऊ, सायेब."

मग हळूहळू बाहेर आलं. त्यांच्याकडे सोयरीक पक्की होते ती मोहाच्या दारूने. गावची माणसं गोलात बसतात. पळसाच्या पानांचा द्रोण भरतात. मुलीचा बाप थेंबभर पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडतो, पहिला घोट घेतो, मग द्रोण मुलाच्या बापाला देतो. तो प्यायला, की सोयरीक झाली. कागद नाही, सही नाही. तो घोट हीच सही.

"सोडल्यापासून मी एका लग्नाला गेलो नाय," गेणूमामा म्हणाले. "भाच्याच्या नाय, पुतणीच्या नाय. गावी जातो तं सणवार टाळून जातो. तिथं मला कुणी धर म्हणलं ना ताई, तं मी धरीन. आन् धरला की..."

दारात लखन उभा होता. घोटीच्या राईस मिलमध्ये पोती वाहणारा, आमच्याकडचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा पेशंट. तो म्हणाला, "काय मामा! आमाला इतकं शिकवता आन् तुमालाच येत नाय?"

"मला एकच बाजू येते रे. त्या खुर्चीत मी कधी बसलोच नाय."

"मंग बसा की!"

शुक्रवारी दुपारी गेणूमामा पहिल्यांदाच पलीकडच्या खुर्चीत बसले. लखनने टॉवेलाचं मुंडासं बांधलं, तो व्याही झाला. त्या धरलेल्या पेल्यापायी अथर्वचं घरी जाणं हुकलं होतं, त्यामुळे तो सूड घ्यायच्या तयारीतच होता. तो झाला गावचा म्हातारा.

"घ्या व्याही, घ्या!" लखन गरजला.

गेणूमामांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "असं नाय रे. पोलीस पकडायला आल्यासारखं काय बोलतोस? जवळ सरक. खांद्यावर हात टाक. आता म्हण."

"मामा, तुम्ही आग्रह शिकवू नका, नकार द्या!" मी ओरडले.

"हां हां. पण ताई, असा आग्रह असतो का कुठं?"

दुसऱ्या खेपेला लखनने खांद्यावर हात टाकला, आवाज खाली आणला. "व्याही, तुमची पोरगी आता आमची झाली. एवढं पण नाय करणार?" आणि गेणूमामांच्या कपाळावर खरोखरच घाम आला. त्यांनी पेला उचलला, बघितला, आणि गटागट पिऊन टाकला. पाणीच ते. पण कुणी हसलं नाही.

मग सगळी पोरं कामाला लागली. अथर्व म्हणाला, "लिव्हर खराब झालंय म्हणून सांगा. मेडिकल रीझन."

"गावात लिव्हर म्हणलं की विचारतील, ते कुठं असतं? मी दाखवीन. मग सगळे आपापलं दाबून बघतील आन् म्हणतील, आमचं तं काय दुखत नाय, तू पण पी."

"माळ घाला तुळशीची," कुणीतरी म्हणालं. "माळकऱ्याला कोण पाजतंय?"

"आन् कोंबडी? माळ घातली की कोंबडी पण सुटंल! त्यापेक्षा दारू परवडली."

"मामा!"

"गंमत केली रे."

शनिवारी संध्याकाळपर्यंत तालमी चालल्या. चिडणारा व्याही, टोमणे मारणारा मेहुणा, पाया पडणारा पोरगा. लखन इतका रंगात आला की त्याने जेवतानाही सोडलं नाही. "वरण घ्या व्याही" म्हणायचा आणि गेणूमामा दचकून "नाय!" म्हणायचे. शेवटी ते तीन वेळा सलग 'नाय' म्हणाले, न अडखळता. पोरांनी ताटं वाजवली. "सुटला! पेशंट सुटला!"

डॉक्टरांनी मला सोबत धाडलं. सकाळची जीप वणीच्या पुढे चढू लागली तेव्हा आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं. गेणूमामा माझ्या शेजारी अंग चोरून बसले होते आणि ओठांतल्या ओठांत पाठांतर करत होते. समोरच्या म्हाताऱ्याने त्यांना तंबाखू पुढे केली.

"नाय!" गेणूमामा एवढ्या जोरात म्हणाले की ड्रायव्हरने ब्रेक मारला.

गावात पोचलो तर मांडव झालेला. जांभळीच्या हिरव्या डहाळ्या, खाली सारवलेलं अंगण. चुलाणावर भात रटरटत होता. पुतळाबाईंनी नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं.

"आलास? मला वाटलं जीपच नाय भेटणार तुला."

"भेटली."

"बरं झालं. पोरगी सकाळपासून रस्त्याकडं बघते."

सरिता दारातच होती, पिवळ्या साडीत. तिने बापाच्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेली.

अंगणात माणसं गोलात बसू लागली. मुलाचा बाप देवराम, उंच, कमी बोलणारा, पांढऱ्या टोपीतला. त्याच्या शेजारी सुनील. आणि मध्यभागी गावातले सगळ्यात म्हातारे वाळूआजा, ज्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. दारूचा कॅन आला, पळसाचे द्रोण आले. गेणूमामांनी खोल श्वास घेतला, कडक इस्त्रीचा शर्ट नीट केला आणि पुढे निघाले. तेवढ्यात धाकट्या भावाने, जयरामने, त्यांचा हात धरला.

"दादा, तू तिकडं सावलीत बस. ताईंना पाणी-बिणी बघ."

"आन् द्रोण?"

"मी देतो ना. आमी सगळ्यांनी ठरवलंय. तुला कुणी म्हणजे कुणी घे म्हणणार नाय. सगळ्यांना ताकीद दिली हाय."

"हां गेणू," दोघं-तिघं मनापासून म्हणाले, "तू सोडलीस, चांगलं केलंस. तू लांबच बस."

ना टोमणा, ना हात धरणं, ना रुसवा. लखनने वठवलेलं एकही पात्र तिथे आलं नव्हतं. आम्ही दोघं मांडवाच्या कडेला फणसाच्या सावलीत बसलो.

"सुटलात, मामा," मी म्हणाले.

"हां. सुटलो."

पण त्यांचं लक्ष गोलाकडे होतं. तिथे मुलीच्या बापाच्या जागेवर जयराम मांडी घालून बसला होता. त्याने द्रोण भरून घेतला. दारात सरिता उभी होती आणि तीही काकाकडे बघत नव्हती. सावलीकडे बघत होती.

"ताई," गेणूमामा हळूच म्हणाले, "ह्याची तालीम आपण केलीच नाय."

आणि उठले. मला त्यांना थांबवायचं होतं. तेवढ्यासाठीच तर मला धाडलं होतं. पण नाटकात एक क्षण असा येतो, की नट आता तुमच्या हातात राहिलेला नसतो.

"जयराम, ऊठ."

"दादा, अरे कशाला..."

"ऊठ. पोरगी माझी हाय."

"पण तुला प्यायची नाय ना!"

"प्यायची नाय. द्यायला तं हात हायेत?"

जयराम उठला. गेणूमामा बसले आणि त्यांनी भरलेला द्रोण दोन्ही हातांत घेतला. वास माझ्यापर्यंत येत होता. त्यांच्या तर नाकाखाली होता. 'धरला की निम्मा गेलास' हे त्यांनीच कितीतरी पोरांना सांगितलं होतं. त्यांनी द्रोण देवरामपुढे केला.

देवरामने हात पुढे केला नाही. रागाने नव्हे, सरळपणे म्हणाला, "पैला घोट मुलीच्या बापाचा. तुमी नाय घेतला, तं मी कसा घेऊ? उद्या कुणी म्हणंल, बापाची खुशीच नव्हती."

बोलणं खरं होतं. सुनील चुळबुळला. जयराम म्हणाला, "म्हणून तं म्हणत होतो..."

"थांब रे." गेणूमामांनी घसा साफ केला. "व्याही, मी नाशकात काय काम करतो, माहीत हाय?"

"दवाखान्यात हायेत म्हणे."

"पोरांना दारूचा आग्रह करतो. त्याचा पगार घेतो."

क्षणभर कुणाला कळेना. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, आणि गोल हलला. देवरामसुद्धा टोपी सावरत म्हणाला, "हे कसलं काम?"

"पोरांना नाय म्हणायची सवय व्हावी म्हणून. हिच्यानं मी एकदा मरता मरता राहिलोय, व्याही. परत घेतली तं लग्नापर्यंत पोरीला बाप राहणार नाय. मी नाय घेणार. पण मला लांब नका बसवू. मला आग्रह करा! मुलीच्या बापाला आग्रह करतात तसा करा. मी नाय म्हणीन. परत करा, परत नाय म्हणीन. पण बापाला कुणी विचारलंच नाय, असं नको."

देवराम दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून पुढे सरकला आणि त्याने गेणूमामांच्या खांद्यावर हात टाकला. लखनला इतक्या तालमींत जमला नव्हता, तसा.

"घ्या, व्याही."

"नाय."

"माझ्यासाठी घ्या."

"तुमच्यासाठी पण नाय."

बाया पदराआडून हसत होत्या. देवरामचा आवाज खाली आला. "पोरीसाठी?"

गेणूमामांनी दाराकडे पाहिलं.

"तिच्यासाठीच नाय."

मग वाळूआजा खाकरले.

"आन् हातातल्याचं काय करशील? भरला द्रोण खाली ठेवत नाय."

"म्हाताऱ्यांना देतो," गेणूमामा म्हणाले. एरवी पूर्वजांच्या नावाने थेंबभरच सोडतात. गेणूमामांनी बापाचं नाव घेतलं आणि धार धरली. आज्याचं घेतलं, पणज्याचं घेतलं, आठवले तेवढे सगळे घेतले, आणि द्रोण पार पालथा केला.

मागून पुतळाबाईंचा आवाज आला, "सासऱ्याला जिता असताना एवढी एकदम कधी भेटली नाय हो!"

अंगण खो खो हसलं. वाळूआजा पण, दात नसलेल्या तोंडाने. मग त्यांनी हात वर केला.

"बापाच्या हातानं पैला घोट बापाच्या बापानं घेतला. बापाची खुशी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली. आता कुणाचं काय म्हणणं?"

"माझं काय नाय," देवराम म्हणाला. गेणूमामांनी द्रोण पुन्हा भरून घेतला, दोन्ही हातांनी पुढे केला. देवराम प्यायला. सोयरीक झाली. ढोल वाजायला लागला, बायांनी गाणं धरलं, आणि सरिता दारातून आत पळाली ती हसत होती की रडत होती, हे तिच्या मैत्रिणींनाच ठाऊक.

गेणूमामा दिसेनात म्हणून मी घरामागे गेले. पाण्याच्या पिंपाजवळ उकिडवे बसून ते चुलीतल्या राखेने हात घासत होते. कोपरापर्यंत. धुतले, पुन्हा राख घेतली, पुन्हा घासले. पुतळाबाई शेजारी उभी होती, हातात तांब्या.

"बघ गं," त्यांनी दोन्ही पंजे तिच्या नाकापुढे धरले. "येतो का?"

तिने नीट वास घेतला. उजव्याचा, मग डाव्याचा.

"राखेचा येतो."

"आन् दुसरा?"

"दुसरा कसलाच नाय. आता चल, पानं मांडलीत. मुलीचा बाप बसल्याबिगर कुणी घास उचलत नाय, आन् मला लय भूक लागली."